डाळिंबं उघडायचा दिवस

कुव्यात डाळिंब कुणी सरळ लावत नाही.
रोप लावतानाच तिरपं लावतात,
नोव्हेंबरात निजवता यावं म्हणून.
फांद्या दोरीनं आवळायच्या, गुडघा टेकून वाकवायच्या,
कर्र झालं की हात थांबवायचा.
मग काड, पेंढा, आणि वर वीतभर माती.
नवख्याला वाटावं, इथं ओळीनं माणसं पुरलीत.

पुरणं सोपं.
उघडायचं कधी, एवढंच कुणाला शिकवता येत नाही.

सासरे, एर्गाशबोबो, माती उकरून
मनगटापर्यंत हात आत घालायचे
आणि डोळे मिटून बसायचे, पोराचा ताप बघावा तसे.
"अजून चार दिवस."
किंवा काहीच न बोलता फावडं मागायचे.

एका वर्षी चुकले.
नवरोजच्या आधी उघडलं, आठव्या रात्री हिम पडलं,
सकाळी सगळी बाग उकडलेल्या पाल्यासारखी.
पुढच्या वर्षी ते ताकही फुंकून प्यायले.
थांबले, थांबले,
आणि माती काढली तर आत पांढरे कोंब,
बोटभर लांब, उजेड न पाहिलेले,
हात लागताच तुटणारे.
दुपारच्या उन्हानं उरलेले काळे केले.
बोबो ओट्यावर बसून म्हणाले,
"थंडीनं मारलं तर थंडीला शिव्या तरी घालता येतात."
पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.
ते गेले त्याला आता दोन हिवाळे झाले.

माहलियो सतराची आहे.
पाळण्यात तिला आम्ही पट्ट्यांनी बांधून ठेवायचो,
वर सात पांघरुणं, उशाशी चाकू, लसणाची गड्डी.
काही झालं नाही तिला. ना दृष्ट लागली, ना पडली.
फक्त डोकं मागून चपटं राहिलं,
वेणी घालताना अजून माझ्या तळव्याला लागतं.

तिचे वडील चेल्याबिन्स्कला.
तीन वर्षं पैसे येतात, आवाज येत नाही.
मी सांगते, रात्रपाळी असते, फोन जमा करून घेतात.
तिथं त्यांचं दुसरं घर आहे,
त्या घरात पाळणा आहे,
हे मला जेबिनिसोच्या नवऱ्यानं सांगितलं,
बुटांची लेस बांधत, वर न बघता.
तेव्हापासून वीतभर माती.
वरून मी दर आठवड्याला थोडी ओढते,
तडा दिसला की लिंपते.

काल तिनं कॉलेजचा अर्ज भरला.
यादीत बारा शहरं होती.
तिनं चेल्याबिन्स्क लिहिलं.
"तिथं दादा आहेत ना," म्हणाली, "मग तुला काळजी नको."

रात्रभर मी कुशी मोजल्या.
सकाळी बागेत आले. मार्चची एकवीस.
आभाळ धुतल्यासारखं, म्हणजे विश्वास ठेवू नये असं.
पहिल्या ओळीला उकरून हात घातला.
मला काही कळेना. माझे हात भांड्यांचे,
गरम काय, गार काय, सगळं सारखंच लागतं.

ती मागून आली, बाही वर केली,
माझ्या हाताशेजारी हात घातला.
मातीत आमची बोटं एकमेकींना लागली.
"ओयी, हे तर केव्हाचं गरम आहे," म्हणाली.
"किती दिवस झालेत?"

मातीकडे बघून विचारलं का माझ्याकडे, नाही सांगता येत.

आम्ही पहिली ओळ उघडली.
दोऱ्या कापल्या. फांद्या उठल्या,
अर्ध्याच, जिथपर्यंत त्यांना ठाऊक होतं तिथपर्यंत.
सालीखाली हिरवं होतं, आणि कुठं कुठं बुरशी.
जेबिनिसोनं कुंपणावरून हाक दिली,
गुरुवारी रात्री पारा उतरणार म्हणून.
बाकीच्या अकरा ओळी झाकलेल्याच होत्या.
मी फावडं खाली ठेवलं, हात परकराला पुसले.
"माहलियो," म्हटलं, "बस इथं."
ती आधीच बसली होती.