उपयोग अज्ञात

जानेवारीतल्या मंगळवारी इथे कुणी येत नाही.
तरी मी दहाला दिवे लावते,
हीटरला दोन लाथा घालते
आणि नोंदवहीत तारीख टाकून ठेवते.
निदान तारीख तरी येऊन गेली म्हणायची.

आमचं जिल्हा संग्रहालय म्हणजे धान्याचं जुनं कोठार.
खाली हातमाग, नवऱ्या मुलींच्या पेट्या,
गायनमंडळाचा कसर लागलेला झेंडा.
वर, जिना चढायची तयारी असेल तर, समुद्र.
म्हणजे समुद्राचं सामान.

त्या दिवशी एक म्हातारा आला, लेकीबरोबर.
लेक ताल्लिनला बँकेत. बापाला बेटावरून कायमचं न्यायला आलेली.
फेरीबोटीला अजून तीन तास होते,
आणि बेटावर वेळ काढायला
आमच्याखेरीज फक्त पेट्रोल पंप.

ज्येष्ठांना तिकीट अर्धं, मी सांगितलं.
“मी काय अर्धा आलोय?” म्हणाला,
आणि पूर्ण पैसे मोजून ठेवले.

हातमोज्यांच्या कपाटापाशी तो बराच वेळ थांबला.
“ही जोडी एका बाईची नाही.
डावा एकीनं विणलाय, उजवा दुसरीनं.”
चौदा वर्षं मी त्या काचेवरची धूळ पुसतेय.

वर गेलो. वस्तू क्रमांक दोनशे बारा:
बेचकं असलेली काठी, हातभर लांब.
खाली सालमेबाईंच्या टपोऱ्या अक्षरात
“सूतकताईसाठी?” असं लिहून खोडलेलं,
आणि मग, “उपयोग अज्ञात.”

तो हसला. हसता हसता खोकला.
मी कपाट उघडलं, नियमाप्रमाणे पांढरे मोजे दिले.
त्याने ते घातले, पाहिले, काढून मला परत केले.
आणि काठी घेऊन, गुडघे सांभाळत,
फळ्यांच्या जमिनीवर बसला.

“इथे एक भोक,” म्हणाला. “पंधरा पावलांवर दुसरं.
बर्फ असा, वीतभर जाड. खाली लांब वासा सारायचा,
वाशामागे दोर, दोरामागे जाळं.
वासा स्वतःहून कुठे जातोय?
त्याला असं ढकलायचं, असं,
आणि पुढच्या भोकाशी एकाने उभं राहायचं,
काळ्या पाण्यात डोळे घालून.”
“कोण उभं राहायचं?” मी विचारलं.
“एंडेल,” म्हणाला. कोण एंडेल, ते नाही म्हणाला.

तो ढकलत राहिला.
रेडिओच्या पेटीखालून, शिडाच्या गुंडाळीखालून,
फळ्यांखाली जे काही वाहत होतं त्यातून.
लेकीने फोन खिशात टाकला,
खिडकीपाशी जाऊन पाय फाकवून उभी राहिली
आणि जमिनीकडे वाकून बघू लागली.

“दिसलं का?”

ती लगेच बोलली नाही.
खाली हीटर कुरकुरला.
“जरा डावीकडे,” ती म्हणाली. मग, “हं. आलं.”

मी पेन्सिल काढली. याला म्हणायचे काय?
त्याने एक शब्द सांगितला, आखूड,
ओठ थंडीत बधिरल्यासारखा.
कसा लिहायचा? त्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने माझ्याकडे.
“लिहायचं काम कधी पडलंच नाही,” तो म्हणाला.
मी तीन प्रकारे लिहून ठेवला.
तिन्ही चुकीचे असतील.

काठी त्यानेच परत ठेवली.
आधी होती तशी नाही.
बेचकं खिडकीकडे करून.

जाताना मी नोंदवही पुढे केली.
नाव त्याने सावकाश लिहिलं, काओ र् पर्यंत नीट,
मग हात पत्त्याच्या रकान्यावर थांबला.
लेक कोटाची बटणं लावत होती,
वरचं लावून झालेलं पुन्हा लावत होती.

तो रकाना, मी म्हटलं,
सगळे भरत नाहीत.