रकाना नऊ

बऱ्हाटेबाई जीपमध्ये पुढे बसत नसत.
मागे, रक्ताच्या पेटीवर हात ठेवून.
मे महिना, चहार्डीचा रस्ता, केळीची पानं चिरफाळलेली,
आणि चोपड्यात भरलेला बर्फ निम्मा पाणी झालेला.
"जपून हाक रे हिलाल, मागे चाळीस माणसं आहेत."
मी आरशात बघायचो. बाई एकट्याच.

नळीवर नाव नसायचं, आकडा.
बाईंना आकडे घरांसकट पाठ:
एकशेबारा पिठाच्या गिरणीवाला,
दोनशेसात, जिचा मिठाचा डबा आठ दिवसांत खडखडतो.
डबा तागडीत तोलायची युक्ती त्यांचीच.

"माले काय धाड भरनी?
केयीना घड एखला उचलस मी."
बाई हसून दंडाला पट्टा गुंडाळायच्या.
पारा उतरेपर्यंत ओसरी गप्प.

रजिस्टरला रकाने नऊ.
नववा: झटका आल्याची तारीख.
तो कोरा राहावा म्हणून एकवीस वर्षं.
कोऱ्या रकान्याचा सत्कार कोण करतो?
बंद पडलेलं काळीज चालू झालं, की लोक पेढे आणतात.
ज्याचं पडलंच नाही, तो बांधावरून ओरडतो,
"बाई, अजून कितींदा रगत नेशात?"

तापीपल्याड दुसरं गाव होतं. नाव नाही सांगत.
तोच पट्टा, तीच पेटी.
पारा फारच चढला तर दवाखान्याची चिठ्ठी,
एरवी मिठाबद्दल, विडीबद्दल चकार शब्द नाही.
त्याशिवाय फरक कळणार कसा?
मला पटलं होतं. डोक्याला.

झिपरूआप्पानं उडदाचे पापड भाजले, वर तिखटमीठ.
बाईंनी खाल्ले. छान झालेत म्हणाल्या.
चौथ्या हिवाळ्यात त्याच्या ओळीत
बाईंनी तारीख लिहिली. अक्षर नेहमीचंच.
शाई वाळायची वाट बघत बसल्या,
मी तीनदा हॉर्न दिला तरी.

सातव्या वर्षी आकडे जुळले.
कागद छापून यायचा होता अजून,
पण पुलावर बाई म्हणाल्या, "हिलाल, आज बोलायचं."
दारोदार बोलल्या, घसा बसेपर्यंत.
शेवटचं घर आप्पाचं. जिजीनं सगळं ऐकलं.
"हाई तवय काबर नही सांगं?"

बाईंकडे उत्तर होतं, चांगलं छापण्याजोगं.
दिलं नाही.
थोड्या वेळानं जिजीनंच दंड पुढे केला.
आकडा मला वाचावा लागला.
बाई म्हणाल्या, उजेड कमी आहे.
अजून दिवस मावळायचा होता.