दोन अर्थांचं क्रियापद

नववी ब. श्रावणातला तिसरा तास.
पत्र्यावर पाऊस इतका
की शब्द फळ्यावर लिहूनच सांगावे लागतात.
क्लीव्ह, मी लिहिलं.
अर्थ एक: चिरणे, दुभंगणे.
अर्थ दोन: घट्ट चिकटून राहणे.
आणि खडू थांबला.

कोशाची प्रत जुनी, वाळवीनं कुरतडलेली,
वाटलं, दोन ओळी एकमेकींत घुसल्या असतील.
पण दुसऱ्या कोशातही तेच.
भूतकाळही त्याचे तीन,
क्लोव्ह, क्लेफ्ट, क्लीव्ह्ड,
जसा एकाच परसाचा सातबारा तीन नावांवर.
मुळात म्हणे दोन वेगळे शब्द होते,
बोलून बोलून झिजले
आणि एकाच तोंडवळ्याचे झाले.

"बाई, चुकीचा छापलाहा," मागच्या बाकावरून कोणी.
दीक्षिता राऊळ उठली. ती सहसा उठत नाही.
"आमचो आजो ह्याच करता.
आदी कापता, मगे चिकटयता."

रविवारी गेले मिठबावच्या वरच्या सड्यावर.
हिरव्या जाळीखाली पिशव्याच पिशव्या,
कोयींतून नुकती वर आलेली तांबूस रोपं.
तातू राऊळ एकेकाचं मुंडकं उडवत होते, बोलता बोलता.
उरल्या बोटभर देठाला मधोमध चीर,
हापूसची काडी दोन्ही अंगांनी तासून पाचरीसारखी,
आत सरकवली, पट्टी गुंडाळली, पुढचं.
"ढिलां ऱ्हवला तर मरता," एवढंच म्हणाले.
आणि ज्याचं डोकं कापलं, ते?
"तां रायवळ. मूळ तेचाच.
खालसून फुटवो इलो की खुडूचो."

मी घाटावरची. एकवीस वर्षं झाली इथे.
इतके दिवस वाटायचं,
कापून आणलेली काडी म्हणजे मीच.
उतारावर एकदम सासूबाई आठवल्या,
माझ्या जोंधळ्याच्या भाकरीसाठी
चुलीपुढची जागा सोडून
पडवीत जाऊन बसलेल्या,
काहीही न बोलता.

घटक चाचणीत विचारलं: क्लीव्ह, अर्थ लिहा, गुण दोन.
दीक्षितानं एकच शब्द लिहिला. कलम.
नमुना उत्तरात तो नव्हता.
लाल पेन बराच वेळ हवेत.

तातूंच्या डाव्या अंगठ्यावर जुन्या चिरा आहेत,
आडव्या, पांढुरक्या, एकीवर एक.
त्या दिवशीही एक गेली, चांगली खोल.
त्यांनी तीच प्लास्टिकची पट्टी दातांनी तोडली,
अंगठ्याला करकचून गुंडाळली
आणि पुढची पिशवी ओढली.