उजव्या हाताची नखं

अबुंदियो वाकाफ्लोर गेला त्या पहाटे
अंघोळ घालणाऱ्या बायकांनी विचारलं, नखं कापायची का?
डाव्या हाताची होतीच कापलेली, पार मांसालगत.
उजव्याची वाढलेली, कानशीने घासून गोल केलेली,
अंगठ्याचं जरा तिरकं.
नीएवेस म्हणाली, राहू द्या.
तिकडे कुणी गिटार पुढे केलीच तर?
आणि कोंबड्यांना दाणे टाकायला मोलेच्या झाडाखाली गेली.
बराच वेळ टाकत राहिली.

तारिहाच्या तारघरात त्याची चौतीस वर्षं गेली.
शिक्के डाव्या हाताने मारायचा,
अर्ध्या गावाला तो डावरा वाटे.
भावांनी त्याच्या वाटणीचा द्राक्षमळा आपसात वाटून घेतला,
म्हणाले, तुला काय, तुला नखं आहेत.

मी न्हाव्याचा पोर. सहाव्या तारेशी झटापट करायचो.
तो म्हणायचा, गळा नको आवळूस तिचा,
बोटाखाली बसू दे,
उन्हातून आलेल्या पाहुणीला बसवतात तशी.

रचना लिहायचा तारेच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर.
परवा ला पाझहून एक विद्वान आले,
म्हणाले, काय हा संयम! वाक्यं किती छोटी!
मी मान हलवली.
कागदच तेवढा होता, हे बोललो नाही.

'एक रात्र उशिरा' ही त्याची रचना
आमच्याकडे लग्नात वाजवतात.
नवरी येते तेव्हा. सगळ्यांना वाटतं,
वाट पाहणाऱ्या कुणा प्रियकराची असेल.
मलाही वाटायचं.
नीएवेसने पेटी माझ्या हवाली केली तेव्हा
पहिल्यांदा तो कागद उलटून पाहिला.

फॉर्म कोरा नव्हता.
चाकोच्या लढाईतून आलेली तार.
तोरिबिया सेगोविया नव्हे, तोरिबिया आरामायो,
मॅटाडेरो गल्ली, मुलगा कामी आला, पुढे आकडा.
आली संध्याकाळी सात वाजता.
पोचल्याची सही दुसऱ्या सकाळची,
तीही नव्याने उतरवलेल्या प्रतीवर.

म्हणजे त्या रात्री तो तिच्या दारापर्यंत गेला असेल.
आत दिवा असेल, कदाचित ती कणीक मळत असेल,
कदाचित गुणगुणतही.
आणि हा परत फिरला.
एक रात्र तिचा मुलगा जिवंत ठेवला
आणि स्वतः पहाटेपर्यंत जागला,
खालचा एकच स्वर पुन्हा पुन्हा छेडत,
दार ठोठावावं, ठोठावू नये, तसा.

बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही.
तार उशिरा देणं हा गुन्हाच होता, दंड होता त्याला.

आता माझ्याकडे नऊ पोरं शिकतात.
त्यातली कास्ता, तोरिबियाची पणती,
हीच रचना बसवतेय, बहिणीच्या लग्नासाठी.
फार घाई करते.
मी म्हणतो, हळू.
ती विचारते, का?
मी तिची नखं बघतो, कानस शोधतो,
म्हणतो, आधी हे अंगठ्याचं जरा तिरकं करू.