खोली

देवीहसोळच्या सड्यावर, फाल्गुनात,
सळई ठोकली की लगेच टण्ण.
सात सेंटिमीटर. पुढच्या खुणेला पाच.
तिसरीकडे गवताचा ठोंब ओढला
तर मातीसकट हातात आला,
खाली कातळ, तव्यासारखा तापलेला.

रकान्यात लिहीत गेलो:
उथळ. उथळ. निरंक.

धाकलू झोरे म्हशी घेऊन मागोमाग.
"काय हुडकताव?"
खाली माती किती, ते.
"म्हशीस इचारा. जिभेला धोंडा लागला
की ती फुडं सरकते."

मी त्याला सांगितलं: लाव्हा थरांनी आला, निवला,
पावसानं त्याचं सत्त्व धुतलं,
उरलं ते लोखंड गंजलं, त्याचा जांभा झाला.
परीक्षेपुरतं पाठ केलेलं.
त्यानं तंबाखू मळली,
धोतरातली कुसळं काढली
आणि म्हणाला, चला.

उतरणीला दगडांचा ढिगारा.
"हितं चांदरी. तीन वर्सं झाली.
खणाया गेलो तर पारय वाकली.
मंग वरनं धोंडे रचले."

धोंड्यांच्या फटींतून गवत, कमरेएवढं,
बुडाशी अजून ओलं हिरवं.
सळई ठोकावी लागली नाही.
नुसती दाबली, गेली.
एकवीस.

पुढचा रकाना, मातीचा उगम:
जांभा, काळा पाषाण, गाळ.
यांतलं एक निवडायचं.
पेन तिथंच.

खाली खाडी चकाकत होती.
धाकलू वाकला,
मी पाडलेलं भोक त्यानं
बोटांनी माती सारून बुजवलं,
अंगठ्यानं दाबलं,
आणि म्हशींना हाक घातली.
एक नाव जास्तीचं घेतलं.