दोन सह्यांच्या मधले दिवस

आमच्याकडे लग्न आधी सरकारी कागदावर लागतं.
फोंड्याच्या कचेरीत पहिली सही केली,
कारकून म्हणाला, आता पंधरा दिवसांनी या,
कुणाची हरकत नसेल तर दुसरी.

हरकत फक्त पैशांची होती.

मी पतसंस्थेत खतावणी लिहिते.
लोकांच्या लग्नांची कर्जं माझ्याच अक्षरात आहेत:
एकाचा मुलगा तिसरीत गेला,
मांडवाचा हप्ता अजून चालू.
म्हणून जुनी अर्धी कोरी वही काढली,
शांबाने पेन्सिलीला टोक केलं.
तो फेरीबोटीवर असतो, दुर्भाट ते रासई.
दिवसाला चाळीस वेळा नदी ओलांडतो
आणि कुठेच जात नाही,
हे त्याचंच वाक्य.

हॉल खोडला. देवळाचं अग्रशाळेचं अंगण लिहिलं.
घोडा कुणी लिहिलाच नव्हता,
तरी शांबाने तो लिहून खोडला,
तेवढीच बचत, म्हणाला.
सहाशे माणसांची यादी एकशे चाळीसवर आली
तेव्हा मामा पानाचा डबा मिटून म्हणाले,
तुझ्या आईच्या लग्नात अठराशे पानं उठली होती.
आई तांदूळ निवडत होती.
हो, म्हणाली, आणि एक भाट विकलं गेलं.
माड मोजून दिले होते, एकोणऐंशी.

शांबाची बहीण कुंदा बाणावलीच्या हॉटेलात आहे.
तिथे दिल्लीची, दुबईची लग्नं लागतात,
समुद्र पाठीशी धरून.
दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोभर ऑर्किड
कचऱ्यात जातात, टवटवीत.
तिने फोन केला: आणू? फुकट आहेत.
एकच रात्र वापरलेली.

त्या रात्री मला झोप नाही.
फुकट हा शब्द वहीत कुठल्या बाजूला मांडायचा?
सकाळी सांगितलं, आण,
पण मांडवाला नकोत.
ती फुलं आम्ही फेरीबोटीच्या कठड्याला बांधली.
पायी येणाऱ्याला तिकीट नसतं,
तेव्हा पलीकडचं सगळं वऱ्हाड फुकट आलं,
जांभळ्या परदेशी फुलांत,
मधोमध एक मासेवाली आपली पाटी घेऊन
व्याह्यांच्या बरोबरीने उभी.
सारंग दुसरीकडे बघत होता. पूर्णवेळ.

केसांत मात्र म्हार्दोळची जाई. विकत. घासाघीस न करता.
पानावर खतखतं, मुगागाठी, मणगणं,
आणि आंब्याचं सासव, आंबे शेजारच्या फिलोमेनाबायचे.
पैसे घेईना. तिचं नाव वहीत आहे,
समोर रकमेची जागा मोकळी.

एक खर्च मी आधी कुणाला दाखवला नव्हता.

चुड्याच्या दिवशी कासार ओसरीवर बसला,
वाड्यावरच्या बायका एकेक हात पुढे करत गेल्या.
आई स्वयंपाकघरात भांडी लावत राहिली,
नऊ वर्षं अशा दिवशी ती तिथेच असते.
मी कासाराला म्हटलं, अजून दोन डझन.
कुणासाठी, त्याने विचारलं नाही.
मोठी आत्या उठून परसात गेली.

आई आली. पदराला हात पुसले, दोनदा.
हिरव्या नकोत, म्हणाली.
मग बराच वेळ पेटीत बघत राहिली,
भाजी निवडावी तशी,
आणि निळ्या घेतल्या, काळसर निळ्या,
नदीच्या तळाकडे दिसतो तो रंग.
कासाराने तिची बोटं दाबली तेव्हा
डोळे मिटले नाहीत तिने.

पंधराव्या दिवशी दुसरी सही.
कारकुनाने विचारलं, हरकत?
कुणी काही बोललं नाही.
आत्या आल्याच नव्हत्या.

आता महिन्याने माहेरी आले आहे.
आईच्या हातात पाचच उरल्यात.
बाकीच्या फुटल्या म्हणते, धुणी धुताना.
डाळीच्या डब्यात हात घातला
तर तळाशी काच वाजली.

मी डबा होता तसा बंद केला.
वहीत ती रक्कम अजून पेन्सिलीतच आहे.