साडेचार सेकंद

बाबांचे सगळे डाव एका तावावर मावायचे,
दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेल्या, पावसाला न जुमानणाऱ्या.
शनिवारी दुपारी तो तोंडासमोर धरूनच ते बोलत,
पलीकडच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून.
मी आणि आई स्टँडमधून बघायचो :
नवरा नाही, बाप नाही,
नुसता एक रंगीत तक्ता
आणि त्याच्यावर टोपी.

प्रत्येक डावाला नाव लागतं.
दुसरे कोच पक्ष्यांची देत, मोटारींची देत.
बाबांनी आमची घरं दिली.
‘लिंडेन’, कॅन्ससमधलं, तळघरात पाणी शिरणारं.
‘पॉवेल’, वायोमिंगमधलं, वाऱ्यानं एकदा दारच नेलेलं.
‘बिस्किट डावीकडे’ मात्र घर नव्हतं,
बिस्किट आमचा कुत्रा,
आर्कान्सा सोडताना शेजाऱ्यांकडे ठेवलेला,
पुढच्या आठवड्यात नेतो म्हणून.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
आमचं तर हेड कोचच्या पाठीवर होतं.
तो हरला की आम्ही दारूच्या दुकानामागे,
खोकी मागायला.
ती खोकी दणकट असतात, आई म्हणायची,
आणि बाटल्यांचे पुठ्ठ्याचे कप्पे तिनं कधी काढले नाहीत :
एकेका कप्प्यात माझे मोजे, गुंडाळून.
चौदा वर्षांत सात कॉलेजं.
एकदा नोकरी गेल्याचं आम्हाला रेडिओनं सांगितलं.
बाबा तेव्हा दोन राज्यं पलीकडे
कुणा पोराच्या आईच्या स्वयंपाकघरात
पीचचा पाय खात शब्द देत होते,
चार वर्षं याला मी सांभाळीन.

ते लाइनच्या पाच जणांना शिकवायचे,
चेंडू ज्यांच्या हाती कधी येत नाही,
आणि लाउडस्पीकरवर ज्यांचा नंबर येतो
तो फक्त चुकल्यावर.
हिवाळाभर, जिममध्ये, एकच पाऊल.
डावं. वीतभर. जास्त नाही.
मोठं पाऊल म्हणजे घाबरलेला माणूस, म्हणायचे.

आणि एक डाव होता ‘मेर्ना’.
आईचं नाव.
तावाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, दर मोसमात,
आणि एकाही सामन्यात न पुकारलेला.
आई आधी थट्टा करायची, मग करेनाशी झाली.
मी विचारलं तेव्हा सोळा वर्षांची होते,
आयडाहोला येणार नाही म्हणून जिन्यात बसलेली.
त्यात चेंडू फार लांब जातो, ते म्हणाले,
लाइनीला साडेचार सेकंद थोपवून धरावं लागतं.
अशी पोरं मला कधी मिळालीच नाहीत.
मी म्हटलं, आई धरते.
ते वर बघत राहिले, मग म्हणाले,
या जिन्यातला बल्ब बदलायला हवा.

आई फेब्रुवारीत गेली, ओहायोत,
ज्या घराचं नाव अजून कुठल्याच डावाला नव्हतं.
बर्फ. गाडीपासून कबरीपर्यंत सगळा उतार.
पाच जण आले, वेगळ्या कॉलेजांचे, वेगळ्या वर्षांचे,
एकमेकांना न ओळखणारे.
ड्वेन लापॉइंट, दोन्ही गुडघे धातूचे.
इओआने फालेओलो, आता विमा विकतो.
लाल मानेच्या त्या एकाचं नाव मला अजून आठवत नाही.
सहावी जागा माझी.

पेटी उचलली आणि कुणाचा तरी पाय सरकला,
बहुतेक माझाच.
मागून बाबांचा आवाज आला,
तोंडासमोर काहीही न धरता :
मेर्ना. मेर्ना. एकवर.

पाच लठ्ठ माणसांचं डावं पाऊल
एकदम बर्फात. वीतभर.
माझं जरा मागाहून.

किती सेकंद, कुणी मोजले नाहीत.
नंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस होती,
फालेओलोनं चार खाल्ली,
आणि बाबा कागदी रुमालावर पेननं त्याला दाखवत होते
अठ्ठ्याऐंशी साली, तिसऱ्या क्वार्टरमध्ये,
त्याचं कोपर नेमकं कुठे उघडं पडलं होतं.